‘कोन्जो’ म्हणजे जिद्द? छे, खोड!

प्रश्न असा आलाय: खेळांवरच्या जपानी चित्रकथांसाठी (मांगा) गाजलेल्या काजिवारा इक्कीला ‘स्पोकोन मांगाका’ म्हणतात, मांगाका म्हणजे मांगा काढणारा, तर मराठीत ‘जिद्दकथांचा चित्रकार’ चालेल का?

नाही चालणार. काजिवाराने (१९३६–८७) चित्रं काढलीच नाहीत हो! तो लिहायचा. बेसबॉलवरची ‘क्योजिन नो होशी’ (१९६६) चितारली कावासाकी नोबोरूने, बॉक्सिंगवरची ‘आशिता नो जो’ (१९६८) चिबा तेत्सुयाने. पटकथा लिहिणाऱ्याला आपण कॅमेरामन म्हणतो का? जपानीत अशा लेखकाला ‘गेन्साकुशा’ म्हणतात. दिसेल त्याला ‘मांगाका’ म्हणायची साथ आलीय, ती आवरा.

आता ‘स्पोकोन’. ‘स्पो’ स्पोर्ट्समधला, त्यात काही गंमत नाही. गंमत ‘कोन’मध्ये. तो ‘कोन्जो’चा तुकडा, आणि त्याचा धागा थेट आपल्या घरात येतो! संस्कृत ‘इंद्रिय’साठी चिनी बौद्ध अनुवादकांनी झाडाच्या ‘मुळा’चं अक्षर योजलं, जपानीत त्याचा उच्चार ‘कोन’. पुढचा ‘जो’ म्हणजे स्वभाव (‘आशिता नो जो’चा नायक, बॉक्सर ‘जो’, त्याच्याशी संबंध नाही). थोडक्यात, माणसाचा मुळातला पिंड.

हा शब्द बराच काळ हेटाळणीचा होता. आजही ‘कोन्जो वाईट’ म्हणजे माणूस आतून कुजका. १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये जपानच्या व्हॉलीबॉलपटू मुलींनी सुवर्ण जिंकलं, प्रशिक्षक दाइमात्सूंच्या जीवघेण्या सरावाचा बोलबाला झाला आणि कोन्जोचं नशीब फळफळलं, शब्द जिद्दीच्या कौतुकाचा झाला. दोनच वर्षांनी काजिवाराने ‘क्योजिन नो होशी’त बेसबॉलच्या सरावासाठी पोराच्या अंगावर स्प्रिंगांचा सापळा चढवणारा बाप लिहिला. (२०१२मध्ये हीच गोष्ट मुंबईत आणून ‘सूरज’ नावाची क्रिकेटची हिंदी कार्टून मालिका निघाली, तिथे स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूबा!)

‘जिद्द’वाले विद्वान शब्दाचं १९६४नंतरचंच आयुष्य बघतात. माझा शब्द ‘खोड’. झाडाचं ते खोड आणि माणसाची ती खोड. लिंग वेगळं, म्हणून शब्दही वेगळे, असं व्याकरणवाले सांगतील, सांगोत बापडे. झाड आणि स्वभाव एका शब्दात बसवणारी दुसरी भाषा दाखवा, मग बोलू. जित्याची खोड म्हणतात ती हीच: बॉक्सर ‘जो’ शेवटी पार राख होऊन रिंगच्या कोपऱ्यात बसतो, तोवर सुटत नाही. आणि खुद्द काजिवाराची? १९८३मध्ये एका संपादकाला मारहाण केल्याबद्दल त्याला अटक झाली. तिलाही जिद्द म्हणणार का?