सारंगखेड्याला जाताना कॅमेऱ्यासोबत काय घ्यावं?

प्रश्न : छोटा डिजिटल कॅमेरा घेतलाय. डिसेंबरात सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जायचंय. दुकानदार बॅग, ट्रायपॉड, फिल्टर सगळंच गळ्यात मारतोय. काय घेऊ?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, आधी जादा बॅटरी. गेल्या यात्रेत घोडा नाचायला लागला अन् माझी बॅटरी संपली. नुसता बघत बसलो. मग रबरी ब्लोअर, म्हणजे दाबला की हवा सोडणारा फुगा. टापांची धूळ पुढे-मागे सरकणाऱ्या लेन्सच्या कडेला बसते, म्हणून कॅमेरा बंद करण्याआधीच ती उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. चेनचा पाऊच पुरे. मेमरी कार्डं 16 जीबीची दोन घ्या. एक बिघडलं तरी निम्मे फोटो वाचतात. फिल्टर कशाला? बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांच्या लेन्सला तो फिरवून बसवायला आटेच नसतात. आणि ट्रायपॉडला त्या गर्दीत माणसंच अडखळतील.