‘अलास’ म्हणजे ‘दमले गं बाई’

प्रश्न असा आला आहे : “इंग्रजी व्याकरणात इंटरजेक्शन, म्हणजे आपलं केवलप्रयोगी (उद्गारवाचक) अव्यय, शिकवताना ‘अलास! ही इज डेड’ (अरेरे! तो गेला) हे उदाहरण ठरलेलंच असतं. अलासनंतर उद्गारचिन्हच द्यायचं की स्वल्पविरामही चालतो? आणि शोकसंदेशात हा शब्द वापरावा का?”

आधी शेवटचं. नाही, वापरू नये. गेल्याच महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांच्या निधनाची बातमी आली आणि खाली लागोपाठ तीन ‘अलास!’ येऊन पडले. त्यांची मुलगी लंडनला असते. तिनेही ते वाचले असणार. मला फार वाईट वाटलं. आजच्या इंग्रजीत हा शब्द उरलाय तो किरकोळ हळहळीपुरता : ‘अलास, द केक वॉज गॉन.’ गेलो, पण केक संपला होता. पुष्कळदा त्यात थोडी थट्टाही असते. ज्या शब्दाने केक संपल्याचं सांगायचं त्यानेच कुणाचे वडील गेल्याचं दुःख कसं व्यक्त करणार? तिथे ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ म्हणावं. साधं आणि पुरेसं.

हुर्रे, वॉव, आउच हे सगळ्यांना येतात, ते सोडतो. पण इंटरजेक्शन म्हणजे तोंडातून निघालेला नुसता आवाज, त्याला स्वतःचा अर्थ नसतो, असं जे सर्रास शिकवलं जातं ते मला मान्य नाही. अलासच घ्या. तेराव्या शतकात तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. जुन्या फ्रेंचमध्ये ते दोन शब्द होते : ‘आ’ आणि ‘लास’. ‘आ’ हा उद्गार खरा, पण ‘लास’ हे चक्क विशेषण आहे! लॅटिन ‘लासुस’ म्हणजे थकलेला. लॅसिट्यूड म्हणजे थकवा, तोही तिथलाच. म्हणजे अलास म्हणणारा माणूस मुळात ‘दमलो!’ म्हणत होता.

याहून गोड भाग पुढे आहे. विशेषण म्हटलं की लिंग आलं. बोलणारी बाई असेल तर या ‘लास’ला स्त्रीलिंगी शेपूट लागायचं. आपल्याकडे तो ‘दमलो बुवा’ म्हणतो आणि ती ‘दमले गं बाई’ म्हणते, अगदी तसं. इंग्रजीत येताना ते शेपूट गळलं, दोन शब्दांचा एक झाला आणि बाई-पुरुष सगळेच अलास म्हणू लागले. ‘सदृशं त्रिषु लिङ्गेषु’, तिन्ही लिंगांत सारखं राहतं ते अव्यय, अशी आपल्याकडची जुनी व्याख्या आहे. एक विशेषण त्या व्याख्येत शिरताना इथे डोळ्यांसमोर दिसतं! आणि इंग्रजी ‘लेट’चं मूळही भाषाशास्त्रज्ञ ‘लासुस’च्याच मुळाशी नेतात : मंद, थकलेला, म्हणून उशिरा पोचणारा. ‘अलास, आय अ‍ॅम लेट’ म्हणताना एकच मूळ दोनदा उच्चारलं जातं.

आता त्याच व्याख्येवर आपली शालेय व्याकरणं घासून पाहा. अरे, अगं, अहो यांना ती ‘संबोधनदर्शक केवलप्रयोगी अव्यय’ म्हणतात. का? मुलाला अरे, मुलीला अगं, सासऱ्यांना अहो. लिंग बदललं, मान बदलला की शब्द बदलतो, तर मग ते अव्यय कसं? “हे बदलत नाहीत, हे वेगवेगळे शब्दच आहेत” असं उत्तर मिळतं. मग तो आणि ती हेही वेगवेगळे शब्द म्हणा आणि सर्वनामंही अव्ययांत टाका! माझं म्हणणं असं की हाक मारताना ही अव्ययं नाहीतच. ती अव्यय होतात ती हाक संपल्यावर. घराला कुलूप लावून जिना उतरताना बाई मध्येच थबकते आणि नवऱ्याला म्हणते, “अगं बाई, गॅस चालूच राहिला!” नवऱ्याला ती अगं म्हणत नाही. हे अगं कुणालाच उद्देशून नाही. बायकोसमोर ‘अरे बापरे’ म्हणणाऱ्याचा अरेही तसाच. अलासने जे केलं तेच इथे घडलंय, आणि व्याकरणकार दोन्ही अगं एकाच खणात कोंबून मोकळे होतात.

चिन्हाचं म्हणाल तर दोन्ही चालतात, पण आज रूढ आहे तो स्वल्पविराम, आणि त्यापुढचं अक्षर लहान लिपीतलं. अलास वाक्याच्या मध्ये आला, जसं ‘आय कॅनॉट, अलास, कम टुडे’, तर दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या. तिथे उद्गारचिन्ह नको.