लेकराला शेंगदाण्याची जबर ॲलर्जी आहे, शाळेत कसं सांभाळायचं?

आपल्याकडं मराठवाड्यात दाण्याचा कूट कशात नसतो ते सांगा, वांग्याची भाजी, चटणी, साबुदाणा, चिक्की, संक्रांतीचे लाडू, त्यामुळं नुसतं "शेंगदाणे देऊ नका" म्हणून भागत नाही, ही नावं घेऊन वर्गाच्या बाईंना, सरांना आणि पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना समोर बसून सांगा. डबा घरचाच. दुसऱ्याच्या डब्यातला घास नाही, वाढदिवसाचं चॉकलेट पण घरी आणूनच खायचं.

खरी गोष्ट पुढची. अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलट्या, आवाज बसणं, दम लागणं, असं एकदम सुरू झालं तर ॲलर्जीच्या गोळीवर थांबू नका, तिनं श्वास मोकळा होत नाही. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला लागतं, तेही लगेच. ते शाळेत ठेवायचं का, कोणी द्यायचं, डोस किती, हे डॉक्टरकडून लिहून घ्या, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात ते असतं का आजच विचारा. १०८ ला फोन करा, लेकराला आडवं ठेवा, दम लागत असेल तर बसवा, पण चालवू नका. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, काही तासांनी परत उलटू शकतं.