ब्लड बाउलच्या जखमा अन् हॉस्टेलातली भांडणं

प्रश्न (लातूर): दादा नमस्कार. आम्ही सहाजण हॉस्टेलला राहतो, रविवारी क्लासची टेस्ट झाली की ब्लड बाउलची लीग खेळायलोत. सोंगट्या कॅरमच्याच हायत, वरून कागद चिकटवून नंबर टाकलेत. तर ज्याच्याकडं वुड एल्फची टीम हाय त्याचे दोन-तीन मॅचमधीच निम्मे गडी जायबंदी झाले अन् तो म्हणायलाय की २० हजार गोल्ड (खेळातला पैसा) भरलं की कुठलीबी इंज्युरी बरी, असा नियम करू. ड्वार्फवाला म्हणतो मग मी मारायचं कशाला. आता दोघं मेसमधी एका टेबलावर बसंनात. काय नियम करावा?

उत्तर: आधी बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ब्लड बाउल हा गेम्स वर्कशॉप कंपनीनं १९८६ ला काढलेला पटावरचा खेळ, रग्बीसारखाच, फक्त मैदानात माणसांसोबत एल्फ, ड्वार्फ, ऑर्क, भुतं असले गडी, अन् मॅचमधे लागलेला मोठा मार लीगभर त्या गड्याच्या नावावर राहतो. गंमत तिथंच आहे अन् भांडण पण तिथंच.

आता तुमचं बघू. २०२० च्या आवृत्तीत गडी आडवा झाला की दोन फाशांनी चिलखत फुटतं का बघायचं, फुटलं तर परत दोन फासे, अन् त्यात १० किंवा वर आलं तर कॅज्युअल्टी, म्हणजे गडी जायबंदी, अन् किती ते १६ बाजूंच्या फाशावर ठरतं. वुड एल्फच्या साध्या गड्याचं चिलखत ८ ला फुटतं, ड्वार्फचं १० ला. म्हणजे १०० वेळा आडवे पडले तर एल्फ सातेक वेळा जायबंदी होणार अन् ड्वार्फ तीनेक वेळा. तुमच्या एल्फवाल्याचं नशीब फुटकं नाही, त्याची टीमच तशी आहे. पळायला अन् कॅच घ्यायला ही टीम एकदम भारी, त्याची किंमत चिलखतात मोजलेली आहे, म्हणून ड्वार्फवाल्याचा मुद्दा मला पटतो. २० हजारात सगळं बरं व्हायला लागलं तर जो टचडाऊन करून पैसे कमावतो तोच जखमा धुवून काढणार, अन् हरणाऱ्याकडं गोल्ड कमीच असतं त्यामुळं त्याचे गडी लंगडतच राहणार.

आणि एक विचारतो, तुम्ही अपॉथिकरी, म्हणजे टीमचा वैद्य, घेतलाय का? बहुतेक नसणार, कारण सुरुवातीच्या १० लाखात सगळेजण भारीतले गडी घेऊन बसतात अन् ५० हजाराचा वैद्य नको वाटतो. तो मॅचला एकदाच वापरता येतो पण कॅज्युअल्टीचा फासा परत टाकायला लावतो, अन् दोन्हीतला कुठला निकाल ठेवायचा ते तुम्ही ठरवायचं. नुसत्या फाशावर मरायचा चान्स १६ त २, वैद्य असला की ६४ त १. एवढ्या स्वस्तात इन्शुरन्स मिळत नाही राव. अन् गडी ११ च्या खाली गेले तर जर्नीमन, म्हणजे तात्पुरते गडी, फुकट मिळतात, ते टीमच्या रीरोलला (फासा परत टाकायच्या सोयीला) नखरे करतात खरं, पण मॅच तर होते.

तरी नियम पाहिजेच असंल तर माझा असा. त्या १६ च्या फाशावर ७ ते ९ आलं, म्हणजे फक्त पुढची मॅच बाद, तर त्याला अजिबात हात लावायचा नाही, ती शिक्षा किरकोळ आहे. १० ते १२ मधे पुढची मॅच बाद अन् वर निगलिंग इंज्युरी, म्हणजे जुनं दुखणं, कायमचं चिकटतं, अन् त्यानंतर त्या गड्याच्या प्रत्येक कॅज्युअल्टी फाशात १ वाढतो, मरायचा चान्स १६ त २ चा ३ होतो. घरचा नियम इथं बसवा. कोचनं, म्हणजे टीम चालवणाऱ्यानं, ठरवून त्या गड्याला अजून एक मॅच बाहेर बसवायचं, मॅच सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर सांगायचं, अन् मॅच संपली की सहाचा फासा, ४ किंवा वर आलं तर दुखणं गेलं. नाही गेलं तर त्या सीझनला परत चान्स नाही. पैसा कुठंच नाही, फक्त गडी बसवायची कळ सोसायची, अन् चांगला गडी बसवताना कोचच्या पोटात कसं कालवतं ते बघायला बाकीचे पाचजण हजर असतातच.

एक खाचखळगा मात्र आधीच बुजवा. नेहमीच्या नियमात जखमेमुळं बाद असलेल्या गड्याची किंमत त्या मॅचपुरती टीम व्हॅल्यूत (टीमच्या एकूण किंमतीत) धरत नाहीत. तुमच्या आरामाला ही सवलत देऊ नका. दिली तर बघा काय होतं, ड्वार्फसोबत मॅच आली की एल्फवाला तीन गडी आरामाला बसवणार, व्हॅल्यू खाली आणणार, अन् कमी व्हॅल्यूच्या टीमला मिळणाऱ्या फरकाच्या गोल्डवर फुकटचे स्टार प्लेयर, म्हणजे त्या मॅचपुरते भाड्याचे भारी गडी, घेऊन येणार. आराम घेतला तरी व्हॅल्यू पूर्ण धरायची, अन् एका वेळी एकच गडी.

१३-१४ ला चिलखत, वेग, ताकद असला कुठलातरी एक गुण कायमचा कमी होतो, ते सीझनभर तसंच ठेवा. १५-१६ म्हणजे मेला, त्याची सोंगटी उचला. अन् हे सगळं पुढच्या सीझनपासून. चालू सीझनच्या मधे नियम बदलला तर ज्याचे गडी आधीच मेलेत तो काय गप बसणारे का?

प्रश्न (नांदेड): १६ बाजूंचा फासा इकडं कुठंच मिळंना, ऑनलाइन मागवायचा तर फाशापेक्षा डिलिव्हरी महाग. सहाच्या तीन फाशांची बेरीज केली तर चालंल का?

उत्तर: नाही चालणार, तीन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांवरच जास्त पडते अन् १ अन् २ तर येऊच शकत नाहीत, सगळा तक्ता वाकडा होतो. चार नाणी घ्या, १० चं, ५ चं, २ चं अन् १ चं. छापा आला तर १० च्या नाण्याचे ८, ५ च्याचे ४, २ च्याचे २, १ च्याचा १, काटा आला तर शून्य, अन् शेवटी बेरजेत १ मिळवा. १ ते १६ सगळे आकडे सारख्याच चान्सनं येतात. हिशोबाचा कंटाळा असंल तर १६ चिठ्ठ्या डब्यात टाका, फक्त काढलेली चिठ्ठी परत डब्यात गेली पाहिजे, हे लोक हमखास विसरतात.

प्रश्न (अंबाजोगाई): सर, मी एमबीबीएसला आहे. मला ह्या खेळातल्या दुखापती खऱ्यासारख्या करायच्यात, म्हणजे फ्रॅक्चरला सहा आठवडे, लिगामेंटला नऊ महिने वगैरे. कसं बसवू?

उत्तर: डॉक्टर, बसवू नका. तुमची लीग सात-आठ मॅचची, त्यात नऊ महिने म्हणजे गडी मेल्यातच जमा, नुसतं नाव वेगळं. ऋषभ पंतचा अपघात डिसेंबर २०२२ ला झाला अन् तो २०२४ च्या आयपीएलला मैदानात उतरला, क्रिकेटला तेवढा धीर आहे, तुमच्या पटाला नाही.

पण एक गोष्ट खरी करण्यासारखी आहे. ह्या खेळात बेशुद्ध पडलेला गडी पुढचा डाव मांडताना ४ किंवा वर आलं की उठून परत मैदानात येतो, अन् परत बेशुद्ध पडला की परत तेच. तुम्हाला कॉलेजात शिकवतातच की डोक्याला मार लागल्याची शंका असली तरी त्या दिवशी खेळ बंद. आयसीसीनं ऑगस्ट २०१९ पासून त्यासाठी बदली खेळाडूचा नियम आणला अन् त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्मिथच्या जागी लाबुशेन उतरला. तर नियम असा करा, एका मॅचमधे दुसऱ्यांदा बेशुद्ध पडलेला गडी त्या मॅचला परत येणार नाही. सगळ्या टीमना सारखा लागतो अन् जास्तीचा हिशोब पण ठेवावा लागत नाही.

प्रश्न (परभणी): भाऊ, माझा धाकटा भाऊ आमच्यासोबत खेळतो, वय ९. त्यानं स्वतः रंगवलेला ऑर्क मागच्या मॅचला मेला, पोरगं जेवलं नाही. मित्र म्हणतात नियम म्हणजे नियम.

उत्तर: मित्रांना म्हणावं गप बसा, नऊ वर्षाच्या लेकराला कसला लीगचा नियम. पण त्याला एकट्याला सूट दिली तर त्यालाच लाज वाटंल, म्हणून सगळ्यांनाच द्या. सीझनच्या आधी प्रत्येकानं आपला एक गडी लिहून ठेवायचा, तो मेला तर एकदाच, मरणाऐवजी पुढची मॅच बाद अन् एक जुनं दुखणं. दुसऱ्यांदा मेला तर मेला. मेलेल्या ऑर्कचं म्हणाल तर तीच सोंगटी घेऊन नवीन ऑर्क टीमात घ्या, नंबर बदला अन् त्या मेलेल्याचा भाऊ आलाय म्हणून सांगा. नाव मात्र त्यालाच ठेवू द्या.