सातबारा संपतो तिथून मागे

प्रश्न : आमचं गाव चिपळूण तालुक्यात. घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आहे. पणजोबांचं नाव जुन्या फेरफारात सापडलं, पण त्याआधी त्याच जमिनीला भलत्याच आडनावाचा माणूस आहे. तलाठी म्हणतात, त्यामागचं दप्तर वाळवीने खाल्लं. पणजोबांनी जमीन विकत घेतली असं समजायचं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : एवढ्यावरून तसं लिहू नका. आधी गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, गाव खोती होतं का? खोती गावात सरकारात सारा भरायचा खोत आणि जमीन कसायची कुळं. 1949 च्या कायद्याने खोती गेली. ते परकं आडनाव खोताचं असू शकतं आणि तुमची माणसं त्याच मळ्यात पिढ्यान्‌पिढ्या राबत असू शकतात.

अशा गावांसाठी बोटखत मागा. 1880 च्या खोती कायद्याच्या अंमलात हे कागद झाले. कोणता सर्व्हे नंबर, म्हणजे जमिनीचा कोणता तुकडा, कोण कसतो, खोताला काय देणं लागतो, हे त्यात मिळतं. तलाठ्याकडचं दप्तर गेलं म्हणून धीर सोडू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षात वेगळा अर्ज करा आणि मोजणीच्या जुन्या कागदांसाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात वेगळा. गटवारी झालेल्या, म्हणजे तुकडे एकत्र करून नवे गट नंबर पडलेल्या गावात नुसता गट नंबर देऊन भागत नाही. जुना सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर काढून तोच अर्जात घाला.

आणि आडनावावर अडून बसू नका. जुन्या नोंदीत ‘राघो बिन धोंडू’ एवढंच असतं. म्हणजे धोंडूचा मुलगा राघो. बाईच्या नावापुढे ‘कोम’ असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं. मी जमिनीच्या नोंदींच्या याच खात्यात नोकरी केली. मुंबईहून रजा काढून आलेली माणसं आडनाव शोधशोधून रिकाम्या हाताने परतायची, तेव्हा जीव तुटायचा. आजोबा-पणजोबांची नुसती नावं लिहून न्या, घरातली टोपणनावंसुद्धा.

कागद मोडीत असला तर जाणकाराकडून वाचून घ्या. मात्र नक्कल आपल्या एका ओळीची घेऊ नका, अख्ख्या पानाची मागा. शेजारच्या नंबरात बहुधा भाऊबंदच असतात. तुमच्या वंशावळीतली तुटलेली फांदी तिथे सापडू शकते. माळ्यावरच्या ट्रंकेत खोताने दिलेल्या पावत्या असतील तर त्याही बघा. नंबर आणि कुळाचं नाव, दोन्ही त्यावर असलं तर अर्जाचं काम बरंच सोपं होईल.