धोका, जोखीम आणि 'नैसर्गिक आपत्ती'

गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा मराठीत लिहिण्याचे काम अंगावर आलेल्या एका वाचकांनी तीन शंका विचारल्या आहेत. धोका, जोखीम, संकट आणि आपत्ती हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, ही पहिली. भूकंप, पूर, दरड या सर्वांना सरसकट 'नैसर्गिक आपत्ती' म्हणावे का, ही दुसरी. रस्त्याकडेच्या फलकावर 'दरडप्रवण क्षेत्र' लिहावे की 'दरडग्रस्त क्षेत्र', ही तिसरी.

बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी येतात आणि त्यात काही बिघडत नाही. आराखड्यात मात्र वेगवेगळ्या गोष्टींची वेगवेगळी नोंद करायची असते, आणि सगळीकडे एकच शब्द वापरला की त्यांपैकी एखादीची नोंद हमखास राहून जाते. माझ्या पाहण्यात राहून जाते ती बहुधा जोखमीची.

आधी धोका. हिंदीत या शब्दाचा मुख्य अर्थ फसवणूक असा आहे. मराठीत तो अर्थ 'त्याने धोका दिला' अशा वाक्यांत शिल्लक असला, तरी आपल्याकडे धोका म्हणजे प्रामुख्याने अपाय होण्याचा संभव. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, तर सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या त्याच पातळ्या अनुक्रमे ४० आणि ४५ फूट आहेत. पावसाळ्यात या दोन्ही शहरांतली माणसे हे आकडे येता-जाता एकमेकांना सांगत असतात. पाणी ४३ फुटांवर पोचले म्हणजे कोणाचे घर बुडालेच असे त्या शब्दातून निघत नाही. आता अपाय होऊ शकतो, एवढेच त्यातून कळते. म्हणून भूकंप, अतिवृष्टी, खचू पाहणारा डोंगर या घटना किंवा स्थिती आराखड्यात 'धोके' या मथळ्याखाली याव्यात. हिंदीतील शालेय भूगोलाने यासाठी 'संकट' हा शब्द घेतला आहे, पण मराठीत मी तो घेणार नाही. संस्कृतात संकट म्हणजे अरुंद, चिंचोळे, आणि मराठीतले संकटही माणूस कोंडीत सापडल्यावरचेच असते; ते ओढवते, कोसळते, त्यातून सुटका होते. अजून न घडलेल्या गोष्टीसाठी तो शब्द कानाला पटत नाही.

जोखमीचे तसे नाही. या शब्दाचा एक जुना वापर येथे फार उपयोगी पडतो. 'अंगावर जोखीम घेऊन रात्रीचा प्रवास करू नये' असे वडीलधारी माणसे सांगत, तेव्हा जोखीम म्हणजे अंगावरचे दागिने किंवा कनवटीची रोकड. जे गमावले जाऊ शकते, त्या वस्तूलाच जोखीम म्हणत. वाटेत चोर आहेत हा धोका दागिने असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही वाटसरूंना सारखाच असला, तरी जोखीम पहिल्याचीच. आपत्तीशास्त्रात हा शब्द ज्या अर्थाने हवा आहे, त्याच्या हा जुना वापर अगदी जवळ जातो: धोका किती मोठा आहे, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, ते किती कच्चे आहे आणि फटका बसल्यावर सावरण्याची ताकद किती आहे, हे सगळे एकत्र धरून संभाव्य नुकसानीचा जो अंदाज येतो ती जोखीम. त्यामुळे 'भूकंपाचा धोका कमी करणे' हे वाक्य आराखड्यात चुकीचे ठरते, कारण भूकंपाला कोणी आवरू शकत नाही. 'भूकंपाची जोखीम कमी करणे' हे बरोबर आणि शक्यही आहे.

हा फरक किती खरा आहे, हे किल्लारीइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकती झोपलेली असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवर ६.२ परिमाणाचा भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्या वेळच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत पहिले क्षेत्रच काढून टाकण्यात आले आणि लातूरचा हा भाग तिसऱ्यात गेला, म्हणजे धोक्याचा अंदाजही तोकडा होता हे मान्य करावे लागते. पण नुसता धोका एवढ्या मृत्यूंचा हिशेब देत नाही. कोयनानगरचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप जवळपास तेवढाच, किंबहुना थोडा मोठाच होता, आणि विरळ वस्तीच्या त्या डोंगराळ भागात मृतांची संख्या दोनशेच्या आत राहिली.

किल्लारीच्या परिसरात माणसे मेली ती घरांखाली. भिंती दोन फुटांहून अधिक रुंद, ओबडधोबड दगड मातीच्या गाऱ्यात रचून उभ्या केलेल्या. आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मधल्या पोकळीत दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही पदर एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नसत. वर लाकडी तुळयांवर फळ्या घालून मातीचा जाड थर चढवलेले माळवद. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हीच माती घर गार ठेवी, आणि पावसात गळू नये म्हणून काही वर्षांनी तिच्यावर आणखी माती पडे. जमीन हादरल्यावर भिंतीचे पदर सुटे झाले आणि हे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. जेथे खणाच्या लाकडी खांबांनी माळवद भिंतींपासून स्वतंत्रपणे तोलून धरले होते, तेथे भिंती ढासळूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे नंतरच्या पाहण्यांत आढळली. धोका सर्वांना एकच होता. एका घराची जोखीम शेजारच्या घरापेक्षा वेगळी होती आणि ती खांबांनी ठरवली होती.

(जाता जाता: वर मी 'परिमाण' लिहिले, कारण वृत्तपत्रांत त्या जागी येणारा 'तीव्रता' हा शब्द दुसऱ्या कामासाठी राखून ठेवावा असे वाटते. परिमाण एका भूकंपाला एकच असते. हादऱ्याची तीव्रता गावागणिक वेगळी असते, आणि आराखड्याला गरज असते ती दुसरीची.)

आपत्ती हा शब्द 'आ' उपसर्ग आणि 'पद्' धातू यांपासून आला आहे. येऊन पडलेली, ती आपत्ती. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधील व्याख्या हाताशी ठेवण्यासारखी आहे. तिच्यानुसार कारण नैसर्गिक असो, मानवनिर्मित असो, अपघात असो वा हयगय असो; जीवित, मालमत्ता किंवा पर्यावरण यांची मोठी हानी झाली पाहिजे आणि ती बाधित भागातील लोकांच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची असली पाहिजे. या शेवटच्या अटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पूर आला म्हणून आपत्ती आली असे होत नाही. नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी चढत देवळात शिरते, उत्तरेकडून आत येऊन दत्तपादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तेव्हा तेथे आपत्तीची नोंद होत नाही. दक्षिणद्वार सोहळा होतो आणि लोक स्नानाला गर्दी करतात. तेच पाणी आणखी वर चढून वस्तीत शिरले की शब्द बदलतो.

आता 'नैसर्गिक' या विशेषणाबद्दल. धोका नैसर्गिक असू शकतो; आपत्तीला ते विशेषण लावताना हात आखडावा, असे माझे मत आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९० ते १९९९ हे नैसर्गिक आपत्ती कमी करण्याचे दशक म्हणून पाळले, पण त्यानंतर जो कार्यक्रम सुरू झाला त्याच्या नावातून 'नैसर्गिक' हा शब्द गळला, आणि २०१५ मध्ये जपानमधील सेंदाई येथे ठरलेल्या आराखड्याच्या नावात तर आपत्तीची जोखीम कमी करणे हीच शब्दयोजना आहे. आपल्याकडे 'निसर्गाचा प्रकोप', 'निसर्ग कोपला' हे वाक्प्रयोग मथळ्यांत अजून जोरात आहेत. कोपणाऱ्याला जाब विचारता येत नाही, ही त्यांची सोय आहे. त्या मानाने आपला जुना 'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द अधिक समंजस वाटतो. आभाळातून आलेले आणि सत्तेतून आलेले अशी दोन्ही कारणे तो शेजारी शेजारी ठेवतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे अस्मानी; भरावांनी आणि बांधकामांनी आक्रसलेल्या मिठी नदीच्या पात्राला तसे म्हणता येणार नाही.

एक सवलत मात्र ठेवावी. पंचनामे, मदतीचे अर्ज, शासन निर्णयांचे संदर्भ यांत 'नैसर्गिक आपत्ती' ही संज्ञा रूढ आहे आणि तिच्यावर लोकांची भरपाई अवलंबून असते. तेथे ती जशीच्या तशी ठेवावी, शुद्धीच्या हौसेपायी बदलू नये.

पूररेषांविषयी लिहिताना आणखी एक शब्दप्रयोग जपून वापरावा लागेल. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे सांगितले जाते. 'एकदा' या शब्दामुळे मराठी वाचकाला असे वाटते की २०१९ मध्ये मोठा पूर येऊन गेला, आता पुढची काळजी नातवंडांनी करावी. प्रत्यक्षात अर्थ इतकाच आहे की तेवढा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता लाल रेषेसाठी शेकडा एक आणि निळीसाठी शेकडा चार आहे. तीस वर्षांच्या गृहकर्जावर घर घेणाऱ्याच्या हिशेबाने पाहिले, तर त्या मुदतीत लाल रेषेपर्यंत पाणी निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के आणि निळीपर्यंत येण्याची सुमारे ७० टक्के भरते. आराखड्यात ही टक्केवारीच लिहावी.

राहिली दरड. 'ग्रस्त' म्हणजे ग्रासलेला, ज्याच्यावर प्रसंग गुदरून गेला तो. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दरडग्रस्त हे शब्द माणसांना आणि झालेल्या घटनेला लागू पडतात, पुढे काय होऊ शकते ते त्यांत येत नाही. 'प्रवण' म्हणजे मुळात उताराचा, कललेला, आणि त्यावरून एखाद्या गोष्टीकडे कल असलेला. अवर्षणप्रवण या शब्दाने तो मराठीत चांगला रुळलाही आहे. तेव्हा दोहोंत 'दरडप्रवण' बरोबर. मात्र हा शब्द यादीचा आहे आणि यादीला मर्यादा असतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री जिच्यावर डोंगर आला, ती खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. इर्शाळगडाच्या अंगावरच्या त्या ठाकर वस्तीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे यंत्रे वर नेता आली नाहीत आणि माणसांना पायी चढून हातांनी ढिगारा उपसावा लागला. ती यादीत असती तरी 'दरडप्रवण' या एका शब्दात रस्ता नसण्याची ही बाब आली नसती. ती जोखमीच्या रकान्यात वेगळी लिहावी लागते.

शिवाय 'दरड' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घाटातल्या कापलेल्या कड्यावरून सुटणारे दगड येतात. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातील माळीणमध्ये दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली ती पावसाने भिजून सुटलेल्या डोंगराच्या माती-राड्याखाली. भूस्खलन हा शब्द त्यासाठी अचूक आहे, पण फलकावर तो वाचून कोणी घराबाहेर पडेल असे वाटत नाही. कोकणात आणि मावळात 'डोंगर खचला', 'जमीन फाटली', 'भेगा पडल्या' असे म्हणतात. ते शब्द घ्यावेत. फलकावर वर 'दरडप्रवण क्षेत्र' असू द्यावे, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहावे: 'येथे डोंगर खचण्याचा धोका आहे. उतारावर भेगा दिसल्या, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले किंवा झाडे-खांब कलू लागले, तर पाऊस थांबण्याची वाट न पाहता घर सोडा.' त्यापुढे गावातल्या सुरक्षित जागेचे नाव आणि तिकडे जाणारी वाट.