परत गेलीस का?

अगं,

तुझी यादी दोनदा वाचली. नव्वदच्या दशकातले आवडते दहा अल्बम. सात पक्के, तीन जागा रिकाम्या. आणि खाली तुझा प्रश्न: "'लव्हलेस' घालू का? मला तो कळलेला नाही, पण सगळ्यांच्या यादीत वरच असतो." तो वाचला आणि लगेच लिहायला बसलो. १९९९ च्या डिसेंबरात असाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता, आणि उत्तर चुकलं होतं.

मला एवढंच सांग, त्या अल्बमकडे तू परत गेलीस का? कोणी सांगितलं म्हणून नाही, यादी करायची म्हणूनही नाही. आपली आपण परत गेलीस का?

माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडच्या 'लव्हलेस'ला मी नावं ठेवत नाहीये. तो १९९१ च्या नोव्हेंबरात आला, त्याआधी एकामागून एक स्टुडिओ बदलत त्याचं काम दोन वर्षं चाललं होतं. त्यांचा गिटारवादक केव्हिन शील्ड्स गिटारची ट्रेमोलोची दांडी हातात धरूनच तारा छेडतो, त्यामुळे सूर सतत किंचित वाकत राहतो. गाणाऱ्यांचे आवाज इतके आत दडवलेत की शब्द शोधावे लागतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, माझ्या टेपमध्येच काहीतरी बिघडलंय. तरी काही महिन्यांनी परत लावला. मग पुन्हा. आज तो माझ्या यादीत आहे, पण त्याला तिथे यायला २००६ उजाडलं. तुझ्या यादीत तो आजच का हवा? घाई कसली आहे?

आता माझी चूक ऐक. त्या डिसेंबरात मी वहीत पहिल्या क्रमांकावर रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' लिहिला, दोनदा ऐकून. आणि क्रॅनबेरीज या बँडचा 'नो नीड टू आर्ग्यू' गाळला. क्रॅनबेरीज घरोघरी वाजत होते, म्हणून मला ते नाव लिहायची लाज वाटली. खरं तर १९९४ पासून त्या कॅसेटइतकं मी दुसरं काहीच ऐकलं नव्हतं. पहिल्याच गाण्यात, 'ओड टू माय फॅमिली'त, एकदा फीत अडकून चुरगळली होती. नखाने सपाट करून परत गुंडाळली, पण त्या जागी त्यांची गायिका डोलोरेस ओ'रिअर्डन हिचा आवाज क्षणभर पाण्याखाली गेल्यासारखा व्हायचा. आज स्वच्छ आवाजात ऐकतानाही त्या जागी माझा कान थांबतो. शेवटचं गाणं फक्त ऑर्गन आणि तिचा आवाज. ते संपलं की मी कॅसेट काढून तशीच हातात धरून बसायचो. डोलोरेस २०१८ च्या जानेवारीत गेली, ४६ व्या वर्षी. त्या रात्री ती जुनी वही काढली आणि माझ्याच अक्षरातली ती यादी मला वाचवेना.

लोक आजही माझ्याशी भांडतात की 'ओके कॉम्प्युटर' नाही ती कसली नव्वदची यादी! अल्बम थोर आहे, मान्य. त्यातलं 'पॅरानॉइड अँड्रॉइड' हे गाणं कुठे कसं वळतं ते मी झोपेतही सांगेन. पण इतक्या वर्षांत आपणहून लावला किती वेळा? बोटांवर मोजण्याइतका. मग कशाला लिहू? याला हट्ट म्हणायचं तर म्हणा. थोर काय ते ठरवायला पुष्कळ जण बसलेत. मी कुठे परत गेलो हे माझ्याशिवाय कोण सांगणार?

'अ मीटिंग बाय द रिव्हर' तू ऐकला नसशील. १९९३ चा. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा, म्हणजे गिटारचंच बदललेलं रूप, आणि राय कूडरची स्लाइड गिटार, चारच रचना, जेमतेम चाळीस मिनिटं. दोघे पहिल्यांदा भेटले तेच रेकॉर्डिंगच्या थोडं आधी. एकाने तार ओढून स्वर सोडला की दुसरा तो हलकेच उचलतो, आणि मागे तरफा, म्हणजे न छेडता आपोआप वाजणाऱ्या तारा, झिणझिणत राहतात. त्या काळात सीडीत चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात म्हणून कितीतरी जण अल्बम ताणत सुटले होते. हे दोघे म्हणायचं ते म्हणून थांबले. मी त्या अल्बमकडे दरवर्षी जातो. म्हणून तुला ऐकायला सांगतोय. यादीत घालायला सांगत नाहीये, तेवढा फरक लक्षात ठेव. एकदा ऐकून लगेच यादीत टाकलास तर मात्र रागावेन.

पोर्टिसहेडचा 'डमी' तू पक्क्यांत धरलास, छान वाटलं. पण पुढे लिहितेस, "एकदाच ऐकला, जबरदस्त आहे." मग तो पक्का कसा? काढ. परत गेलीस की घाल.

आणि एक. पत्राच्या तळाशी तू सहज लिहिलंयस की परीक्षेच्या दिवसांत रोज रात्री अलॅनिस मॉरिसेटचा 'जॅग्ड लिटल पिल' लावायचीस, आणि सगळं संपल्यावर येणाऱ्या त्या वाद्यांविना गायलेल्या गाण्यासाठी जागी राहायचीस. तुझी यादी मी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. तो तिथे नाही. का नाही, ते कळव.